फिनलंडला शिकायला जाण्यापूर्वी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फिनलंडमध्ये शिक्षण फुकट असते असे माझे मामा सांगतात. हे अजून खरे आहे का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : मामा सांगतात ते एके काळी खरे होते. १ ऑगस्ट २०१७ पासून मात्र युरोपीय संघ आणि त्याच्याशी संलग्न देशांबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना, इंग्रजी माध्यमाच्या बॅचलर्स आणि मास्टर्स अभ्यासक्रमांसाठी फी भरावी लागते. गेल्या काही वर्षांत ही फी बहुतेक ठिकाणी वर्षाला ८ हजार ते २० हजार युरोंच्या दरम्यान राहिली आहे. शिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च फीमधून भरून निघावा, असा कायद्यातील बदल ऑगस्ट २०२६ पासूनच्या प्रवेशांना लागू होत असल्याने पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीचा आकडा विद्यापीठाच्या पानावर पाहा. शिवाय २०२५ पासून अर्जासोबत १०० युरो शुल्क घेतले जाते आणि प्रवेश मिळाला नाही तरी ते परत मिळत नाही. दहा ठिकाणी अंदाजाने अर्ज टाकण्यापेक्षा आपल्या विषयात खरोखर काम चालते अशी दोन-तीन विद्यापीठे निवडावीत. मेकॅनिकलसाठी एस्पोमधील आल्टो, ताम्पेरे, ओउलू आणि लाप्पेएनरान्ता येथील एलयूटी ही नावे आधी पाहा.

दोन वाटा आजही बिनफीच्या आहेत. फिनिश किंवा स्वीडिश माध्यमातून शिकणाऱ्याला फी नाही, आणि पीएच.डी.ला कोणालाच फी नाही. मास्टर्ससाठी अनेक विद्यापीठे फीमध्ये अर्धी किंवा पूर्ण सवलत देतात. तिचा विचार बहुधा प्रवेशअर्जाबरोबरच होतो. ही सवलत दुसऱ्या वर्षी टिकवायची तर पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट पूर्ण करावे लागतात, हे सवलतीच्या पत्रात लिहिलेले असते आणि नेमके तेच वाचायचे राहून जाते.

प्रश्न : मी बी.कॉम. असून तीन वर्षे एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी करते. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ यांत फरक काय? दुसरी कमी दर्जाची असते का? (वाचक, सांगली)

उत्तर : कमी दर्जाची नव्हे, वेगळ्या कामाची. फिनलंडमधील उच्च शिक्षण मुळातच दुपदरी आहे. पहिला पदर संशोधनाधारित विद्यापीठांचा. त्यातील सर्वांत जुने हेलसिंकी विद्यापीठ १६४० मध्ये तुर्कू शहरात स्थापन झाले आणि १८२७ च्या भीषण आगीनंतर राजधानीत हलवले गेले. दुसरा पदर व्यवसायाभिमुख संस्थांचा. तिथे प्रकल्प, प्रशिक्षण आणि उद्योगांशी थेट संबंध यांवर भर असतो, आणि बोलताना या संस्थांना सारे ‘एएमके’ म्हणतात. पीएच.डी. मात्र फक्त विद्यापीठेच देतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की एएमकेच्या मास्टर्सला पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. इतरांना अडचणीची ठरणारी ही अट आपण आधीच पूर्ण केली आहे. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर पद, कामाचे स्वरूप आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीने भागत नाही.

प्रश्न : मुलाला प्रवेश मिळाला आहे. पहिल्या वर्षाची फी मी भरीन. पुढची फी आणि राहण्याचा खर्च तो पार्ट-टाइम काम करून भागवील, असे आम्हाला एका एजंटाने सांगितले आहे. हे जमेल का? (पालक, सोलापूर)

उत्तर : या हिशेबावर आपण मुलाला पाठवू नये, असे मी आपल्याला कळकळीने सांगतो. निवास परवान्यावर विद्यार्थ्याला आठवड्याला सरासरी ३० तास काम करता येते, हे खरे आहे. पण कामाची परवानगी असणे आणि काम मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात, हॉटेलात, वृद्धांच्या सेवेत गिऱ्हाइकाशी किंवा रुग्णाशी बोलावे लागते, आणि ते फिनिशमध्ये. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्या वाट्याला साफसफाई, घरपोच डिलिव्हरी, वर्तमानपत्रे टाकणे अशी मोजकी कामे येतात आणि ती मागणारेही पुष्कळ असतात. त्यातच फिनलंडमध्ये अलीकडे बेरोजगारी वाढलेली आहे. अशी कामे मिळाली तर खोलीभाडे आणि किराणा यांना हातभार लागेल, परंतु हजारो युरोंची फी त्यातून निघणार नाही.

परवाना देणारे फिनलंडचे इमिग्रेशन खातेही कामाच्या आशेवर विसंबत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याकडे राहण्याखाण्यासाठी दरमहा ८०० युरो, म्हणजे वर्षाला ९,६०० युरो असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ही रक्कम फीपेक्षा वेगळी, आणि ती मुलाच्या स्वतःच्या नावावरील खात्यात असावी लागते. कोणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे घेऊन खाते फुगवून दाखवायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठून या. अर्ज मुलाला स्वतः ऑनलाइन करता येतो. त्यासाठी एजंट लागत नाही.

खर्च कोठे आटोक्यात राहतो, तेही सांगतो. विद्यार्थी गृहनिर्माण संस्थांची खोली खासगी घरापेक्षा बरीच स्वस्त पडते. हेलसिंकी परिसरात होआस, ताम्पेरेत तोआस, ओउलूत पीएसओएएस. प्रवेशपत्र हाती पडताच तिथे नाव नोंदवा, कारण ऑगस्टमध्ये रांग लांबते. दुपारचे जेवण विद्यार्थी उपाहारगृहात घ्यावे. सरकारी अनुदानामुळे सुमारे तीन युरोंत गरम पदार्थ, बटाटा किंवा भात, हवी तेवढी कोशिंबीर, राय धान्याचा काळा पाव आणि दूध असा भरलेला ट्रे मिळतो, आणि शाकाहारी पदार्थ रोज असतो. काटकसरी मुलगा या एका जेवणावर दिवस बराचसा रेटतो.

आणि फिनिशचे वर्ग पहिल्या सत्रापासूनच घ्यायला लावा. पदवीनंतर काम शोधण्यासाठी दोन वर्षांचा परवाना मिळू शकतो, पण भाषेवाचून ही दोन वर्षे फार लवकर सरतात.

प्रश्न : माझ्याकडे आजोबांमुळे मिळालेला पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मलाही फी पडेल का? (विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : नाही. पोर्तुगालचे नागरिक ते युरोपीय संघाचे नागरिक, त्यामुळे आपल्याला फी नाही, अर्जशुल्क नाही आणि विद्यार्थी परवानाही नाही. तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत निवासाच्या हक्काची नोंदणी करावी लागते. आपले शिक्षण भारतात झाले असले तरी फरक पडत नाही, कारण फी नागरिकत्वावर ठरते. अर्जात नागरिकत्वाच्या रकान्यात पोर्तुगाल लिहा आणि त्याच पासपोर्टची प्रत जोडा.

प्रश्न : मी मास्टर्ससाठी निघाले आहे. तिथला अभ्यास आपल्यापेक्षा किती वेगळा असतो? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पहिले सत्र फसवे असते. आठवड्याला मोजकी लेक्चर्स, बहुतेक वर्गांत हजेरी नाही, प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची. आपल्याकडून गेलेल्यांना वाटते की निवांत आहे. प्रत्यक्षात वर्षाचे ६० क्रेडिट म्हणजे १,६०० तासांचे काम धरलेले असते. पाच क्रेडिटच्या एका विषयाचे सुमारे १३५ तास होतात. त्यांतले वर्गात जातात थोडे, बाकीचे वाचन, गटातील काम आणि लेखी निबंध यांत. हे तास कोणी मोजत नाही, म्हणून आपणच वहीत मोजावेत. गुण ० ते ५ असतात आणि नापास झाल्यास पुन्हा परीक्षा देता येते, त्याची कुणाला लाजही वाटत नाही. मात्र दुसऱ्याचा मजकूर उचलणे अतिशय गंभीर मानतात. नोट्समधली वाक्ये जशीच्या तशी उतरवण्याची सवय इथेच सोडून जा.

डिसेंबरमध्ये हेलसिंकीत सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो, त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ तरी बाहेर चालायचेच, असा नेम ठेवा. शेवटच्या प्रबंधाला बहुधा ३० क्रेडिट असतात, म्हणजे सुमारे ८०० तास. तांत्रिक शाखांत तो पुष्कळदा एखाद्या कंपनीसाठी केला जातो, त्याचे मानधनही मिळते आणि कित्येकांची पहिली नोकरी तिथूनच लागते. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासूनच कंपन्यांना पत्रे लिहायला लागा.