गास्केट बदलून पाणी थांबणार नाही

तुम्ही विचारलंय : फूड प्लँटमध्ये रोजच्या वॉशिंगनंतर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देण्याचं मानांकन) असलेल्या विजेच्या पॅनेलमध्ये पाणी सापडतं, गास्केट म्हणजे दाराची रबरी पट्टी बदलूनही फरक नाही, तर आता कोणतं गास्केट घ्यावं?

कोणतंही घ्या, पाणी येत राहील. मी डेअरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे आणि ‘पाणी गेलं म्हणजे इलेक्ट्रिशियनने दार नीट लावलं नाही’ हे ऐकून माझे कान किटलेत.

आमच्या श्रीखंडाच्या कप फिलिंग मशीनवर स्टीलचं पॅनेल होतं. आत मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह. दिवसभर चालून आतली हवा ५० अंशांपर्यंत तापायची. रात्री बॅच संपली की मशीन बंद आणि लगेच वॉशिंग, आधी फोम, मग प्रेशर गन. थंडीच्या दिवसांत टाकीतलं पाणी गारठलेलं. पहाटे मशीन सुरू करायला जावं तर ड्राइव्ह अर्थ फॉल्टवर, म्हणजे करंट जमिनीकडे गळतोय म्हणून, ट्रिप. दार उघडलं की तळाशी पाणी, टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवट थर. ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये प्रॉडक्शनच्या साहेबांचा शेरा ठरलेला : ‘दार लूज, इलेक्ट्रिकलचा निष्काळजीपणा.’ त्यावरून आमच्या कंत्राटी पोराचा एका दिवसाचा पगार कापला गेला. ते मला आजही सहन होत नाही.

मी पॅनेलच्या कडेला खडू फासला, दार लावलं, उघडलं. गास्केटवर चारी बाजूंनी अखंड पांढरी रेघ. म्हणजे दार बसत होतं. मग एका मोकळ्या ग्लँडमधून (केबल आत घेण्याची आवळायची जोडणी) गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी आत सोडली, ग्लँड आवळली, नळीचं दुसरं टोक खाली बादलीत, पाण्यात थोडा खायचा रंग. मशीन नुकतंच बंद केलेलं, पॅनेल गरम. साहेबांना समोर उभं केलं. वॉशिंगच्या मुलाला सांगितलं, गन नको, साधा पाइप धर आणि नुसतं वरून पाणी सोड, दाराच्या फटीवर नको. रंगीत पाणी नळीत चढायला लागलं. चांगलं वीतभर चढलं, थबकलं, मग हळूहळू उतरलं. उतरलं याचाच अर्थ कुठल्या तरी बारीक फटीतून पॅनेलने बाहेरचं आत ओढून घेतलं. फटीवर पाणी असेल तर पाणीच ओढणार. साहेब म्हणाले, ‘नळीत हवा असेल,’ आणि निघून गेले. शेरा तसाच राहिला.

हिशेब अगदी साधा आहे. बंद डब्यातली हवा ५० वरून २० अंशांवर आली की दाब सुमारे ९ टक्के घटतो. म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकी ओढ. एवढी ओढ रोज बसल्यावर कुठलीही ग्लँड, कुठलंही पुशबटण कधी ना कधी हार मानतंच. आयपीचे हे आकडे ज्या मानकातून येतात त्या आयईसी ६०५२९ मध्येच लिहिलंय की टेस्टचं पाणी नमुन्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गार असेल तर आतबाहेरचा दाब समान ठेवण्याची सोय करावी. म्हणजे लॅबमध्ये ज्यापासून डब्याला सांभाळतात, तेच आपण रोज रात्री करतो.

शिवाय ६७ हा आकडा बघून खरेदी करणाऱ्यांनी एक वाचावं. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलेलं. जेटचा मारा सोसतो असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, त्यासाठी ६५ किंवा ६६ वेगळं लिहिलेलं हवं. आणि ८० अंशांचं पाणी, ८० ते १०० बार दाब, तेही वीतभरापेक्षा जवळून, ही टेस्ट ६९ ची. खरेदी विभागाला ‘६७ हा ६६ पेक्षा मोठा’ एवढंच दिसतं.

तुम्ही मेम्ब्रेनचा ब्रीदर (हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पडदा) बसवा, म्हणजे पॅनेलला श्वास घ्यायला वाट मिळेल. तो अशा बाजूला बसवा जिथे गनचा थेट मारा येणार नाही. ग्लँड खालूनच घ्या, मोकळ्या भोकांना प्लग लावा, केबलला आत शिरण्याआधी खाली झोल द्या. बाहेरून सिलिकॉन थापू नका, त्याने आत गेलेलं पाणी अडकून राहतं. खरा उपाय मात्र पॅनेल ओल्या भागातून बाहेर काढणं हाच आहे.

हे सगळं दाराच्या पॅनेलबद्दल. सेन्सरमध्ये पाणी येत असेल तर आधी कनेक्टर किती आवळलाय ते बघा. केबलचं आवरण कुठे कापलं गेलं असेल तर तारांच्या पिळातूनही पाणी थेट टर्मिनलपर्यंत चढतं. आणि हो, धुण्याच्या कॉस्टिक-क्लोरीनने कडक झालेलं, चपटं होऊन न उठणारं गास्केट बदलावंच लागतं. तिथे ईपीडीएम रबर चांगलं, पण तूप-लोण्याचा हात लागत असेल तर तेही फुगतं.

मशीन बंद झाल्यावर तासभर थांबा म्हटलं तर उरलेला माल वाळून बसेल, हेही खरं. म्हणून पॅनेलची बाजू सगळ्यात शेवटी, कमी दाबाने, कोमट पाण्याने धुवायची. हे वॉशिंगच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहून घ्या आणि त्यावर प्रॉडक्शनची सही घ्या. सही द्यायला नकार आला तर तो नकारही लेखी मागा.