दोन किलोचं डंबेल

"मॅडम, घरी व्हिडिओ लावून करते तो व्यायाम खरा असतो ना? की जिमला गेल्याशिवाय काही होतच नाही?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. या वेळी विचारणाऱ्या ताई 47 वर्षांच्या, बँकेत नोकरीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) 2020 च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी व्हिडिओ बघून व्यायाम सुरू केला. पहाटे साडेपाचला, टीपॉय भिंतीला सरकवून, घरातले उठायच्या आत. मग पाळी अनियमित झाली. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी वजनं उचला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात जिमला जाणारा भाचा जेवताना म्हणाला, "मावशी, तो नाच आहे, व्यायाम नाही." इतकी वर्षं फुकट गेली असं मनात बसलं आणि ताईंनी व्यायामच सोडला.

आधी मला ते 'फुकट' काढायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दोन भागांत आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं थोडी धाप लागेल अशी मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पहिला भाग ताई नेमाने करत होत्या. त्याचा फायदा हृदयाला झालाच आहे, तो कोणाच्या बोलण्याने पुसला जात नाही.

"आणि वजन किती उचलता?"

"दोन किलो. मुलीने आणलेलं डंबेल आहे."

"सुरुवातीला किती होतं?"

"तेच."

"पंधरा वेळा झाल्यावर आणखी किती जमतील?"

त्या जरा थांबल्या. "कितीही. व्हिडिओ संपतो म्हणून थांबते."

गोम इथेच होती. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या आणि सोपं वाटू लागल्यावर वजन वाढवलं, तरच स्नायू ताकद धरतो. तो व्यायाम घरी होतो की जिममध्ये, हे स्नायूला कळत नाही. पण जिममध्ये पुढचं वजन शेजारीच ठेवलेलं असतं. घरी ते कोणी विकत आणत नाही. शिवाय बऱ्याच व्हिडिओंत उठाबशा असतात, जोर असतात, पण पाठीसाठी काहीतरी ओढावं लागतं आणि ओढायला घरात काही नसतं. रबरी पट्ट्यांवर भागतं, हेही मी सांगितलं. तरी ताकदीपुरतं माझं मत जिमच्या बाजूने आहे.

"मग जिमला का नको?" यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. मग डोळे भरून आले. बाळंतपणानंतर त्यांनी एका जिमचे वर्षाचे पैसे भरले होते. चौथ्या दिवशी ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, "आंटी, आधी वजन कमी करा, मग मशिनला हात लावा." त्या परत गेल्या नाहीत, आणि हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. ऐकताना मला संताप आला. ते बोलणं अपमानाचं होतंच, शिवाय साफ चुकीचंही होतं. ताकदीचा व्यायाम सुरू करायला आधी बारीक व्हावं लागत नाही.

पुढच्या दोन भेटी आम्ही व्यायामावर फारसं बोललोच नाही, त्या चौथ्या दिवसावर बोललो. मग ठरलं: शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, जावेला सोबत घेऊन नुसती जिम बघून यायची. पैसे भरायचे नाहीत. आपलं वय, गुडघे, पाळीचं सगळं ट्रेनरला सांगायचं आणि तो नीट ऐकतो का ते बघायचं. पहिल्या जिममधला ट्रेनर मोबाइलमध्ये बघत बोलत होता. दुसरी जिम त्यांनी निवडली. डॉक्टरांना विचारून आठवड्याचे दोन दिवस जिम, तीन दिवस जुना व्हिडिओ.

अडीच महिन्यांनी ताई आल्या तेव्हा पर्समध्ये वही होती. लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशिन) 20, 25, 25, 35 किलो. पाठीसाठी केबल ओढायचं वजन 10 वरून 17.5. मधे एका ओळीत 'सिलिंडर एकटीने सरकवला'. मंगळवार, गुरुवार, रविवारच्या रकान्यांत नुसतं 'व्हिडिओ' लिहिलेलं. एका रविवारी त्यापुढे, 'मुलगीही होती'.