सेरोवेत बिऱ्हाड करण्यापूर्वी

बोट्स्वानातील पलाप्ये येथे नोकरी मिळाल्यावर कुटुंबासह तेथेच राहावे की सुमारे 45 किलोमीटरवरील सेरोवेत, आणि तेथे परक्या कुटुंबाचा निभाव लागतो का, असे आपण विचारले आहे. निभाव निश्चित लागतो. मात्र वस्ती 50,000 हून अधिक असली, तरी सेरोवे स्वतःला गावच म्हणवते आणि ती बांग्वाटो या त्स्वाना जमातीची राजधानी आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. जुन्या राजधानीत पाण्याची टंचाई झाली, तेव्हा बांग्वाटोंचा प्रमुख तिसरा खामा याने 1902 मध्ये आपल्या लोकांना येथे आणले.

गावाचे सारे व्यवहार ज्याच्याभोवती फिरतात तो खोट्ला, म्हणजे लाकडी खांबांच्या अर्धवर्तुळाकार आडोशातील सभास्थान, थाथागान्याना टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिसऱ्या खामाचे नातू आणि प्रमुखपदाचे वारस सेरेत्से खामा यांनी 1948 मध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या वतीने कारभार पाहणारे चुलते त्शेकेदी यांच्या विरोधामुळे तो प्रश्न येथेच पुन्हापुन्हा चर्चिला गेला आणि जून 1949 च्या सभेने अखेर सेरेत्सेंच्या बाजूने कौल दिला; तरीही ब्रिटिशांनी त्यांना 1956 पर्यंत मायदेशाबाहेर ठेवले. हेच सेरेत्से पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. येथील तंटे आजही प्रमुखासमोर चालतात. खोट्लात स्त्रियांनी पँट घालून जाणे शिष्टाचाराला सोडून मानतात, तर पुरुषांनी टोपी काढावी. रस्त्यात भेटणाऱ्या पुरुषाला ‘दुमेला रा’ किंवा स्त्रीला ‘दुमेला मा’ असा नमस्कार केल्याशिवाय थेट कामाचे बोलू नये. ही चूक आपल्या लोकांकडून फार होते.

टेकडीवर राजघराण्याची दफनभूमी असून तेथे जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. तिसऱ्या खामाच्या समाधीवर कांस्याचे लहान हरीण, म्हणजे डायकर, आहे. हे बांग्वाटोंचे कुलचिन्ह असून आपल्याकडील देवकाप्रमाणे त्याचा मान राखला जातो. जवळच ‘रेड हाउस’ या जुन्या घरातील तिसरा खामा स्मृती संग्रहालय मुलांना आवर्जून दाखवावे. लेखिका बेसी हेड येथेच राहत होत्या.

जेवणाची चिंता नसावी, कारण ज्वारी हेच येथील जुने धान्य आहे. शाकाहारी असाल, तर समारंभातील सेस्वा हे कुटलेले गोमांस नम्रपणे नाकारावे लागेल. जमिनीचे वाटप 1970 पासून प्रमुखाकडून लँड बोर्ड या सरकारी जमीन मंडळाकडे गेले आहे. तेव्हा कोणी तोंडी शब्दावर प्लॉट देऊ केल्यास पैसे देऊ नयेत, पहिले वर्ष भाड्यानेच राहावे आणि करार लेखी करून घ्यावा.