कुत्रीचा मागचा पाय काढावा लागणार आहे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तिचं दुखणं कसं आवरायचं?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे तुम्ही फोंड्याला राहता. तुमची लॅब्रेडोर आठ वर्षांची, ३० किलोची आहे. उजव्या मागच्या पायाला गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा निघालाय आणि दहा दिवसांनी पाय काढायचा ठरलाय. तोवर तिला काय द्यावं आणि घरी आणल्यावर ती किती कळवळेल, हा तुमचा प्रश्न. मी पशुवैद्यक आहे, पण तिला मी तपासलेलं नाही. खालचे डोस तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी होकार दिला तरच द्या.

या आजारात बहुतेक कुत्र्यांना सगळ्यात जास्त दुखतं ते पाय काढण्याच्या आधी. गाठ हाड आतून पोखरते, वरचं आवरण ताणते आणि ते दुखणं झोपेतही सुटत नाही. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मज्जारज्जूतल्या नसा हुळहुळ्या होतात, मग साधा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो. अशा अवस्थेत शस्त्रक्रिया झाली तर नंतरचं दुखणं नेहमीच्या औषधांना नीट दाद देत नाही. म्हणून हे दहा दिवस नुसते वाट बघण्यात घालवू नका. दुखणं आजपासून उतरवायला लागा.

सुरुवात रक्त तपासणीने करा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मूत्रपिंडाची क्रिएटिनिन आणि यकृताची एएलटी या तपासण्या तर हव्यातच, पण गोव्यात गोचिडीच्या तापासाठी प्लेटलेट आणि रक्ताची काचपट्टीही बघून घ्या. एर्लिकिया, म्हणजे या तापाचा जंतू, अंगात लपून बसलेला असतो, कुत्रं वरून ठणठणीत दिसतं आणि टेबलावर रक्त थांबत नाही. प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील तर आधी त्याचा उपचार करून मग तारीख ठरवण्याबद्दल सर्जनशी बोला. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे आणि बाकीच्या तीन पायांची, विशेषतः डाव्या खुब्याची आणि गुडघ्याची तपासणीही आताच व्हायला हवी, कारण पुढे सगळा भार त्यांच्यावरच येणार आहे.

मूत्रपिंड आणि यकृत ठीक असेल तर पाया मेलोक्सिकॅमचा, म्हणजे दुखणं आणि सूज उतरवणाऱ्या औषधाचा. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर दिवसातून एकदा ०.१ मिलिग्रॅम. तिच्या वजनाला रोजचे ३ मिलिग्रॅम होतात. कुत्र्यांचं पातळ औषध वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. १ मिलीत १.५ मिलिग्रॅम असेल तर २ मिली, ०.५ असेल तर ६ मिली. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा, कारण बहुतेक वेळा डोस चुकतो तो इथेच. पोटभर पेज-चिकन खाल्ल्यावरच द्या. ती जेवली नाही तर त्या दिवशी देऊ नका. उलट्या, डांबरासारखी काळी शी किंवा अचानक खूप पाणी पिणं दिसलं की औषध बंद करून लगेच फोन करा. प्रेडनिसोलोन किंवा दुसरं कुठलंही स्टिरॉइड चालू असेल तर दोन्ही एकत्र कधीच नाही. मध्ये पाच ते सात दिवसांचं अंतर लागतं.

त्याच्या जोडीला गॅबापेंटिन. हे नसांच्या दुखण्यावर चालतं आणि पाय कापताना मोठ्या नसाच कापल्या जातात, म्हणून मी ते आधीपासून सुरू करायच्या बाजूचा आहे. किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्रीला ३०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दर आठ तासांनी. पहिले दोन-तीन दिवस ती गुंगेल, झोकांड्या खाईल. सहसा ते आपोआप कमी होतं. फार्मसीत मात्र साधं गॅबापेंटिनच मागा. आपल्याकडे ते मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिनबरोबर मिसळून सर्रास मिळतं आणि नाव सारखंच दिसतं. नॉरट्रिप्टिलिन पोटात असताना कुणी ट्रॅमाडॉल दिलं तर थरथर, ताप, आकडी इथपर्यंत जाऊ शकतं. माणसांचं पातळ गॅबापेंटिनही नको. काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याची साखर झपाट्याने खाली आणतं.

घरातल्या डब्यातलं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांतलं काहीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड बसतं. मग शस्त्रक्रिया तर लांबतेच, शिवाय ती शुद्धीवर आल्यावर जे औषध सगळ्यात उपयोगी पडलं असतं तेच देता येत नाही. ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांवरही फार भिस्त ठेवू नका. माणसाच्या यकृतात त्याचं जे वेदनाशामक रूप तयार होतं, ते कुत्र्यात फारच थोडं होतं.

या दहा दिवसांत उड्या, जिने, गाडीत स्वतः चढणं सगळं बंद. पोखरलेलं हाड साध्या उडीनेही मोडतं. ती अचानक किंचाळली आणि पाय लोंबकळू लागला तर दहा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गाठीवर मालीश नको, शेकही नको.

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल सर्जनना मोकळेपणाने विचारा. चांगला सर्जन अशा प्रश्नांनी चिडत नाही. पहिला प्रश्न, पाठीतून एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बधिर करणारं इंजेक्शन, देणार का? मागच्या पायासाठी हे फार परिणामकारक आहे. बधिर करणारं ०.५ टक्के ब्युपिव्हकेन साधारण दर ५ किलोला १ मिली, म्हणजे तिला ६ मिली, आणि मिळालं तर त्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन. मॉर्फिनचा असर १२ ते २४ तास टिकतो. दुसरा प्रश्न, सायटिक आणि फिमोरल या पायाच्या मोठ्या नसा कापण्याआधी त्यांच्यात ब्युपिव्हकेन सोडणार का? नस बधिर करून एका झटक्यात धारदार पात्याने कापली तर पुढचा त्रास कमी होतो. सगळं मिळून ब्युपिव्हकेन किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर जायला नको. तिच्यासाठी ही मर्यादा ६० मिलिग्रॅमची, म्हणजे १२ मिली. एपिड्युरलचे ६ गेले की नसांना आणि जखमेला ६ उरतात. तिसरा प्रश्न केटामिनचा. अगदी कमी मात्रेत ते सलाइनमधून सतत देतात. आधी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, शस्त्रक्रिया चालू असताना मिनिटाला किलोमागे १० मायक्रोग्रॅम, नंतर २ मायक्रोग्रॅम. भूल देण्यासाठी लागतं त्याहून हे कितीतरी कमी, पण मज्जारज्जूचं ते हुळहुळणं याने कमी होतं.

मॉर्फिन, फेंटानिल ही औषधं सगळ्या दवाखान्यांत नसतात. नसतील तर ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन चालतं, सहा ते आठ तास टिकतं. नुसतं ब्युटॉर्फेनॉल एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला पुरत नाही. तास-दोन तासांत ओसरतं आणि ताकदही कमी. फक्त तेवढंच देणार असं ऐकलंत तर एपिड्युरलचा आग्रह धरा, किंवा म्हापसा, मडगाव, पणजीत ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यांच्याकडे पाठवायला सांगा.

आदल्या रात्रीचं जेवण किती वाजता, सकाळची गॅबापेंटिन घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, आणि त्या दिवशीचं मेलोक्सिकॅम तुम्ही द्यायचं की ते नंतर इंजेक्शनने देणार, हे लिहून घ्या. रिकाम्या पोटी मेलोक्सिकॅम आपल्या मनाने देऊ नका. टेबलावर रक्तदाब उतरला तर मूत्रपिंडाला धोका होतो आणि दोनदा डोस गेला तर आणखीच.

पहिल्या रात्री दवाखान्यात जागं माणूस असेल तर तिला तिथेच राहू द्या. रात्री कुलूप लावून जात असतील तर एपिड्युरल आणि इंजेक्शनचा असर असताना तिला घरी आणलेलं मला जास्त बरं वाटतं, अर्थात डॉक्टरांची तयारी असेल तर. एपिड्युरलमुळे उरलेला मागचा पायही काही तास लुळा वाटतो, घाबरू नका. मात्र मॉर्फिनने लघवी तुंबू शकते. ८ ते १२ तासांत झाली नाही तर सांगा.

घरी आल्यावर गोळ्यांची वेळ घड्याळावर चालवा. गॅबापेंटिन सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, मेलोक्सिकॅम रात्रीच्या जेवणानंतर. ती शांत दिसते म्हणून डोस गाळू नका. एकदा चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं. साधारणपणे मेलोक्सिकॅम एक ते दोन आठवडे, गॅबापेंटिन दोन ते चार आठवडे, आणि ते एकदम न थांबवता आठवडाभरात कमी करत न्यायचं.

दुखतंय हे ओळखायचं कसं? कुत्री सहसा विव्हळत नाही. ती आडवीच होत नाही, बसते-उठते, थरथरते, कान मागे पाडते, जखमेकडे वळून बघते, हात जवळ नेला की ताठरते. ग्लासगो वेदना-मापनाचा छोटा फॉर्म डॉक्टरांकडून मागून घ्या आणि सकाळ-संध्याकाळ भरा. चालण्याचा भाग धरून २४ पैकी ६ किंवा तो भाग सोडून २० पैकी ५ झाले की औषध वाढवायची वेळ आली. आपल्याकडच्या दमट हवेत धाप फसवते, म्हणून आधी पंखा लावून तिला गार खोलीत अर्धा तास ठेवा. तरी धापा टाकत असेल तर ते दुखणं समजा. पहिल्या रात्री तारवटलेल्या डोळ्यांनी, कुणी कुरवाळलं तरी फरक न पडता ती एकसारखी रडत असेल, तर तो मॉर्फिनसारख्या औषधाचा भ्रमही असू शकतो. त्यावर आणखी तेच औषध दिलं की भ्रम वाढतो. मनाने ठरवू नका, फोन करा.

पहिले तीन दिवस बर्फ टॉवेलात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीनदा. जखम ओली होऊ द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी पोटाखाली जांभळं दिसेल, खाली मऊ पाण्याची पिशवीही येईल. ती टोचू नका. गरम, कडक, दुखरी किंवा वास येणारी सूज वेगळी, ती दाखवायची. हळद, खोबरेल, नीमतेल काहीही जखमेवर नको. पावसाळ्यात माश्या बसून एका दिवसात अळ्या पडू शकतात, म्हणून मच्छरदाणीत किंवा जाळीच्या खोलीत ठेवा आणि गळ्यात जखम चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर राहू द्या. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात.

फरशी आणि लाल कोब्यावर तीन पायांचं कुत्रं घसरतं आणि एका घसरण्याने टाक्यांवर ताण येऊन चार दिवसांचा आराम जातो. काथ्याची पायपुसणी स्वतःच सरकतात. खाली रबर असलेल्या चटया किंवा योगा मॅट पाणी, बिछाना आणि दार यांच्यामध्ये सलग अंथरा. नखं कापा, पंजातले केस काढा. बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओट्याच्या) पायऱ्यांवर फळी टाका किंवा पहिले दोन आठवडे तिथे जाऊच देऊ नका. उठताना पोटाखालून, उरलेल्या पायाच्या पुढून, टॉवेलची झोळी धरा. उचलायचं नाही, तोल फक्त सांभाळायचा. पहिल्याच दिवशी तिला उभं करा, नंतर दर चार-सहा तासांनी पाच मिनिटं. समुद्रावर न्यायची घाई नको. जखम पूर्ण भरल्यावरही लाटांत नाही, संथ पाण्यातच.

पाच-सात दिवसांनी किंवा त्याहून उशिरा ती मध्येच दचकून किंचाळली, रिकाम्या जागेकडे बघू लागली, खुंट चाटू लागली तर ते नसांचं दुखणं असू शकतं. जखम ठीक असेल तर गॅबापेंटिन वाढवतात आणि त्याच्या जोडीला अमँटाडिन देतात, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम. तिला १०० ची एक कॅप्सूल दिवसातून एकदा.

कॅन्सरबद्दल स्पष्ट लिहितो. पाय काढल्याने त्या पायातलं दुखणं जातं, आजार जात नाही. नुसत्या शस्त्रक्रियेने निम्मे कुत्रे साधारण चार-पाच महिने जगतात, कार्बोप्लॅटिनसारखी केमो दिली तर दहा-बारा महिने. म्हणून पुढे कधी ती दुसऱ्या पायाने लंगडली, पाठ दुखू लागली किंवा खोकला सुरू झाला, तर उरलेल्या गोळ्या काढून सुरू करू नका. आधी त्या हाडाचा आणि छातीचा एक्स-रे काढा. उरलेला गुडघा भार सहन न होऊन दुखत असेल तर उपचार एक आणि हाडात नवी गाठ असेल तर दुसरा. गोळी दिल्यावर लंगडणं झाकलं जातं आणि तेच ओळखण्यात आठवडे जातात.