प्रश्न तुमचे : कॅमेऱ्याचा पासवर्ड

प्रश्न : सोसायटीत सीसीटीव्ही बसवला. बसवणाऱ्याने डीव्हीआरला (फुटेज साठवणाऱ्या यंत्राला) 'ॲडमिन' हेच नाव आणि हाच पासवर्ड ठेवलाय. बदलू म्हटलं तर म्हणतो, "काकू, विसराल!" असू द्यावा का?
– एक सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : मुळीच नाही, ताई! असले पासवर्ड जगजाहीर असतात. २०१६ साली 'मिराई' नावाचा व्हायरस नाव-पासवर्डच्या अशाच साठेक जोड्या घेऊन दारोदार फिरला आणि लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबरला या यंत्रांनी मिळून इंटरनेटवर केलेल्या खोट्या मागण्यांच्या माऱ्यात ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र पत्ताच नाही, चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

मेख अशी, की काही यंत्रांत स्क्रीनवरून पासवर्ड बदलला तरी आतलं टेलनेटचं (दुरून यंत्रात शिरायच्या जुन्या वाटेचं) खातं जसंच्या तसं राहायचं. म्हणून नुसता 'ॲडमिन' बदलून थांबू नका. युजरच्या यादीत 'गेस्ट' वगैरे फुकटचे पाहुणे असतील तर काढा, फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. घरबसल्या फुटेज बघायची कोणाला गरज नसेल, तर डीव्हीआरची इंटरनेटची वायरच काढा.

विसरण्याचं म्हणाल तर वहीत लिहा नि ती ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवा. डीव्हीआरवर चिकटपट्टीने लावू नका, एवढंच. आणि हो, बसवणाऱ्याने स्वतःसाठी वेगळं खातं काढलंय का, तेही विचारा.