आविलाचा तट आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : लेक माद्रिदला शिकते, मे महिन्यात आम्ही तिच्याकडं जाणार, सोबत सासूबाई, वय 71, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. लेक म्हणते आविला नावाचं तटबंदीचं गाव एका दिवसात बघून परत येऊ. त्यांना झेपेल का, की खोलीवरच ठेवावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खोलीवर अजिबात ठेवू नका वो, घेऊनच जावा! माद्रिदहून ट्रेननं साधारण दीड तास लागतो. तट अकराव्या-बाराव्या शतकातला, म्हणजे आपल्या बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, 1204 ची, तिच्याही आधीचा. अडीच किलोमीटर लांब, 80 च्या वर बुरूज, 9 दरवाजे, आणि आत गाव अजून नांदतंय, घरं आहेत दुकानं आहेत, ओसाड किल्ला नव्हे.

गुडघ्यांचं म्हणाल तर वर चढायला पायऱ्या आहेत पण तटाचा काही भाग व्हीलचेअरवाल्यांसाठीही सोयीचा केलाय, तिकीट काढतानाच तो कुठल्या दरवाज्याकडून ते विचारा. अपंग आणि वयस्कर लोकांसाठी सोयी केल्या म्हणून युरोपियन कमिशनचं 2011 चं बक्षीस याच गावाला मिळालंय, उगीच सांगत नाही मी. आणि नाहीच चढवलं तरी खालून बघण्यासारखं खूप आहे. पूर्वेकडच्या बाजूला तटाला अगदी हात लावून बघा, जुने रोमन दगड, थडग्यांचे सुद्धा, तसेच उचलून भिंतीत बसवलेत, आणि कॅथेड्रलची मागची गोल बाजू म्हणजेच तटाचा एक बुरूज. मी तिथं बराच वेळ नुसती उभी होते.

खाण्याचं एक सांभाळा. तिथं येमास म्हणून पिवळे गोल गोळे मिळतात, कागदाच्या वाटीत, दिसायला पेढ्यासारखे, पण ते अंड्याच्या बलकाचे. सासूबाई अंडं खात नसतील तर आधीच सांगा, नाहीतर पटकन तोंडात टाकतील. राजम्यासारख्या बियांची भाजी शाकाहारी वाटते, त्यात डुकराचं मांस असतं. बेळगावचा कुंदा बांधून न्या.

फक्त एका दिवसात परत येऊ नका, एक रात्र राहाच. संध्याकाळी टॅक्सी करून नदीपलीकडं क्वात्रो पोस्तेसला जावा, दगडी चार खांब आणि मधे क्रूस, तिथं बसलं की अख्खा तट एका नजरेत मावतो, अंधार पडला की त्यावर दिवे लागतात. सासूबाईंना तटावर चढावं लागणार नाही आणि गाव सगळं बघून होईल. गाव 1,100 मीटरच्या वर आहे, मे असला तरी रात्री गारठा पडतो, शाल बरोबर ठेवा.