रिकाम्या गाडीचं वजन शून्य नसतं

अगं, तुझ्या कांद्याच्या काट्याच्या सॉफ्टवेअरची फाईल मिळाली. द्वारका चौकात नेहमीसारखा जाम होता, तिथेच मोबाईलवर उघडून वाचली आणि अर्ध्यात आल्यावर कळलं की हे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत सांगण्यासारखं नाहीये, म्हणून घरी येऊन सविस्तर लिहितोय. एका दमात वाचायची गरज नाही.

आधी तुझी तक्रार. कांदा खरेदीदाराची सिस्टीम सोपवर, म्हणजे एक्सएमएलमध्ये मेसेज पाठवायच्या जुन्या पद्धतीवर चालते, त्यांनी ही लांबलचक डब्ल्यूएसडीएल, म्हणजे त्यांच्या सिस्टीमला काय पाठवायचं आणि काय परत येतं हे सांगणारी फाईल पाठवलीय आणि तू विचारतेस "हे आता कोण वापरतं?" वापरतात गं, बँका वापरतात, सरकारी खाती वापरतात, आणि जे चालतंय ते बदलायला कुणी पैसे देत नाही. डब्ल्यूएसडीएल १.१ मार्च २००१ ची आहे, अरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून डब्ल्यूथ्रीसीकडे, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे दिलेली नुसती नोट, रीतसर शिफारस वगैरे नाही. रीतसर शिफारस झालेली २.० आली २००७ मध्ये, पण तोवर सगळ्यांची टूल्स १.१ वर बसली होती आणि तिथेच राहिली. तेव्हा नाकं मुरडण्यात अर्थ नाही, वाचायला शीक.

वरून खाली वाचू नकोस, डोकं भंजाळेल. आधी पोर्टटाईप नावाचा भाग शोध, तिथे ऑपरेशन्स, म्हणजे त्यांच्याकडून करून घेता येणारी कामं दिसतील, एकेका ऑपरेशनचा इनपुट मेसेज आणि आउटपुट मेसेज बघ, मग तो मेसेज ज्या एलिमेंटकडे (एक्सएमएलच्या टॅगकडे) बोट दाखवतो ते टाईप्समध्ये जाऊन बघ. बाइंडिंग आणि सर्व्हिस शेवटी, ती नुसती प्लंबिंग आहे, कुठल्या पत्त्यावर आणि कशा पद्धतीने पाठवायचं एवढंच. दोन सिस्टीममधला खरा करार टाईप्समध्ये, म्हणजे एक्सएसडीमध्ये, एक्सएमएलमध्ये काय आणि कसं असावं याच्या नियमांत. आणि तिथे दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघ. एक म्हणजे एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट, हे लिहिलेलं नसेल तर ते अनक्वालिफाइड धरतात, म्हणजे आतल्या एलिमेंट्सना नेमस्पेस (नावाला जोडलेलं आडनाव म्हण) नाही, आणि तू सवयीने नेमस्पेस लावून पाठवलंस तर समोरच्याला ती एलिमेंट्स ओळखूच येत नाहीत. दुसरं सीक्वेन्स. सीक्वेन्स लिहिलंय म्हणजे क्रम पाळायचाच. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला एक्सएमएल वाचणारा डेटाकॉन्ट्रॅक्ट सिरियलायझर तर क्रम चुकला की बऱ्याचदा एरर पण देत नाही, ती व्हॅल्यू गुपचूप सोडून देतो आणि तिथे नल, म्हणजे "काहीच नाही" येतो. तू म्हणणार "मी पाठवलंय", तो म्हणणार "माझ्याकडे आलंच नाही", आणि दोघं खरं बोलत असणार. असं झालं की फोनाफोनी करायच्या आधी तू पाठवलेला एक्सएमएल त्यांच्या एक्सएसडीवर व्हॅलिडेट करून, म्हणजे नियमांत बसतो का ते टूलने तपासून बघ.

आता तुझी स्वतःची प्रोटो फाईल, म्हणजे प्रोटोबफमध्ये मेसेज कसे असतील ते लिहिलेली फाईल. काट्यावरचा पीसी आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये बोलायला जीआरपीसी (प्रोटोबफचे मेसेज पाठवायची पद्धत) घेतलंस ते ठीक, माझी ना नाही. पण फाईल बघून स्पष्ट दिसतं की आधी कोड लिहिलास, डेटाबेसचं टेबल तयार होतं, आणि टेबलातले कॉलम तसेच्या तसे उचलून मेसेजमध्ये टाकलेस. काटापट्टी नावाचा एकच मेसेज, त्यात गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, रक्कम सगळं. टाईप दिले की करार झाला असं वाटतं, पण तसं नसतं. फाईलवरून कोड तयार करणारा कंपायलर फक्त एवढंच बघतो की नंबरच्या जागी नंबर आहे. तो नंबर कशाचा, तो नसला तर काय समजायचं, हे तू लिहिलं नाहीस तर समोरचा आपल्या मनाने ठरवणार, आणि तो आपल्यापेक्षा वेगळंच ठरवतो हे धरून चाल.

रिकाम्या वजनाचंच बघ ना. लासलगावला, पिंपळगावला काय होतं तुला माहितीये, लिलाव झाला की ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली काट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो, मग रिकामी गाडी परत काट्यावर येते. म्हणजे मधला बराच वेळ असा असतो की रिकाम्या गाडीचं वजन झालेलंच नाही. आता तुझ्या प्रोटो३ मध्ये (प्रोटोबफच्या भाषेची तिसरी आवृत्ती) ती फील्ड साधी, ऑप्शनल न लावता लिहिलीय. अशा फील्डमध्ये शून्य असेल तर ते वायरवर, म्हणजे पाठवलेल्या डेटात जातच नाही, आणि समोरच्याला फील्ड आलीच नाही तर तो शून्य वाचतो. "वजन झालं नाही" आणि "वजन शून्य" यात त्याला फरकच कळत नाही. समज भरलेली गाडी ४,८२० किलो, रिकामी २,३१० किलो, निव्वळ २,५१० म्हणजे २५.१० क्विंटल, भाव १,५०० रुपये क्विंटल, रक्कम झाली ३७,६५०. आता रिकाम्या काट्याच्या आधीच कुणी तुझा मेसेज वाचून हिशोबपट्टी काढली तर रिकामं वजन शून्य, निव्वळ ४८.२० क्विंटल, रक्कम ७२,३००. ट्रॉली पण कांद्याच्या भावात गेली! कुठेही एरर नाही, लॉग स्वच्छ, टाईप सगळे बरोबर.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे ऑप्शनल लावणं, म्हणजे फील्ड भरली होती की नाही हे वाचणाऱ्याला कळतं. प्रोटो३ मध्ये आधी ती सोय काढून टाकली होती, २०२१ मध्ये प्रोटोबफच्या ३.१५ व्हर्जनपासून ती नेहमीच्या वापरासाठी परत आली, त्यामुळे लावू शकतेस. पण मला विचारशील तर इथे ऑप्शनल हा पण आळसच आहे, कारण मग प्रत्येक वाचणाऱ्याने "आहे का" हे तपासायला पाहिजे आणि एक जण विसरणारच. त्यापेक्षा मेसेज दोन कर. भरकाटा झाला हा एक मेसेज, त्यात रिकाम्या वजनाची फील्डच नाही. रिकामा काटा झाला हा दुसरा, त्यात पहिल्याचा पट्टी नंबर आणि रिकामं वजन. हिशोबपट्टीच्या ऑपरेशनला दुसऱ्या मेसेजमधली माहिती असल्याशिवाय हातच लावता येणार नाही, असं टाईपमध्येच बांधून टाक. चुकीची अवस्था लिहिताच येऊ नये, तपासत बसायची वेळच येऊ नये. ज्या मेसेजमध्ये निम्म्या फील्ड्स ऑप्शनल दिसतात तिथे बहुतेक वेळा दोन-तीन वेगळे मेसेज एकात कोंबलेले असतात. तुझ्या फाईलमध्ये निदान तीन आहेत.

एक्सएसडीमध्ये हाच घोळ दुसऱ्या रूपात भेटतो. मिनऑकर्स शून्य म्हणजे एलिमेंट गायब असलं तरी चालेल, निलेबल म्हणजे एलिमेंट आहे पण आत काही नाही असं चालेल, आणि ही दोन वेगळी आहेत, शिवाय रिकामी स्ट्रिंग हा तिसरा प्रकार. उद्या मोबाईल अ‍ॅपसाठी ओपनएपीआय (वेबवरच्या सेवेचा करार लिहायची पद्धत) लिहिशील तिथे पण रिक्वायर्डची, म्हणजे असायलाच हव्यात अशा फील्ड्सची यादी वेगळी आणि नल चालणं वेगळं, ३.० मध्ये नलेबल ट्रू लिहायचे, ३.१ पासून टाईपमध्येच नल लिहितात. खरेदीदार यातलं काय पाठवतो आणि कशाचा काय अर्थ घेतो हे त्यांना मेलवर विचार. फोनवर नको, मेलवर.

एककं. तुझी फील्ड नुसती "वेट". काटा किलोत बोलतो, लिलाव क्विंटलमध्ये, आणि खरेदीदाराचा एक्सपोर्टवाला उद्या टनात बोलेल. नावातच किलो लिही, कंजूसपणा करू नकोस. रकमेला तू फ्लोट, म्हणजे दशांश आकडा अंदाजे साठवणारा टाईप घेतलायस, तो आजच काढ. बत्तीस बिटांच्या फ्लोटमध्ये १,३१,०७२ च्या पुढे दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतरच दीड पैशाच्या वर जातं, म्हणजे एका पैशाचा फरक त्यात मावतच नाही, आणि दोन-चार ट्रॉल्या विकल्या की शेतकऱ्याची रक्कम तेवढी होतेच. डबल (चौसष्ट बिटांचा फ्लोट) घेतलास तर प्रॉब्लेम लांबणीवर पडतो, जात नाही. एक्सएसडीत डेसिमल (दशांश आकडा नेमका साठवणारा टाईप) आहे, प्रोटोबफमध्ये नाहीये, म्हणून रुपयांऐवजी पैशात मोज, इंट६४ (चौसष्ट बिटांचा पूर्णांक) घे, नावात पैसे लिही. फक्त लक्षात ठेव की प्रोटोबफचं जेसन (वाचता येईल अशा मजकुराच्या रूपातला डेटा) केलं की इंट६४ अवतरणचिन्हांत स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ म्हणून जातो, तो बग नाही, जावास्क्रिप्टला ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक भरवशाने धरता येत नाहीत म्हणून तसं ठरवलंय. आणि जमिनीचा गट नंबर इंट (पूर्णांक) का केलास? "१२/१/अ" असा गट नंबर आला की काय करशील? ज्याची कधी बेरीज होणार नाही ती स्ट्रिंग, मग नावात नंबर असला तरी.

तारखेचं थोडक्यात सांगतो. लिलावाची तारीख ही तारीख आहे, क्षण नाही. तू ती टाईमस्टॅम्पमध्ये, म्हणजे नेमका क्षण साठवणाऱ्या टाईपमध्ये टाकलीस, आपल्याकडची रात्री बाराची वेळ म्हणून, ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीची १८:३० होते, आणि खरेदीदाराकडे सगळे लिलाव एक दिवस आधी झालेले दिसतात. डेटामध्ये जिथे जिथे १८:३० दिसेल तिथे समजायचं की कुणीतरी हेच केलंय. काट्यावर गाडी चढली तो मात्र क्षण आहे, तिथे टाईमस्टॅम्प बरोबर.

कांद्याचा प्रकार एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची नंबर दिलेली यादी केलास ते आवडलं. पण शून्य नंबरला "लाल" दिलंयस. म्हणजे काटेवाला प्रकार भरायला विसरला की तो लाल कांदा. शून्याला "सांगितलेलं नाही" ठेव, मग लाल, रांगडा, उन्हाळ. उद्या नवीन प्रकार वाढवलास तर प्रोटो३ वाला जुना क्लायंट तो अनोळखी आकडा म्हणून बाळगतो, मरत नाही, पण एक्सएसडीच्या एन्युमरेशनमध्ये (तिथली पर्यायांची यादी) नसलेली तीच व्हॅल्यू आली की समोरचं व्हॅलिडेशन पूर्ण मेसेज परत फेकतं. म्हणून खरेदीदाराकडे नवीन प्रकार पाठवायच्या आधी त्यांची नवीन एक्सएसडी लाईव्ह झालीय का ते बघायचं.

फील्ड नंबरांचं तू केलंस ते बघून मात्र खरंच ओरडावंसं वाटलं. जुनी चार नंबरची फील्ड काढलीस, आडत्याचं नाव होतं तिथे, आणि चार नंबर मोकळा दिसला म्हणून ड्रायव्हरचं नाव तिथे बसवलंस. दोन्ही स्ट्रिंग. वायरवर नाव जात नाही गं, नंबर जातो. ज्या काट्यावर अजून जुना बिल्ड (प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती) आहे तो ड्रायव्हरला आडत्या समजून छापत राहील. काढलेला नंबर रिझर्व्ड म्हणून लिहून ठेव, नाव पण रिझर्व्ड कर, मग कंपायलर तुलाच काय, तुझ्या नंतर येणाऱ्यालाही तो नंबर वापरू देणार नाही. १ ते १५ नंबरांचा टॅग (वायरवर फील्डची ओळख सांगणारा आकडा) एका बाइटमध्ये मावतो, ते नेहमी लागणाऱ्या फील्ड्सना ठेव, पण इतक्या छोट्या मेसेजला त्याचं फार मनावर घेऊ नकोस. आणि बफ नावाचं टूल आहे, त्याला जुनी-नवी फाईल दाखवली की करार मोडणारे बदल पकडून देतं, ते प्रोग्रॅम तयार करताना आपोआप चालेल असं लाव.

एरर पण टाईप केलेले पाहिजेत. "काटा बंद आहे" आणि "असा पट्टी नंबर नाही" हे दोन्ही तू एकाच मेसेज स्ट्रिंगमध्ये टाकतेस. पहिल्याला थोड्या वेळाने परत पाठवायचं, दुसऱ्याला कितीही वेळा पाठवून उपयोग नाही, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी वाक्य वाचून कळणार नाही. जीआरपीसीचे स्टेटस कोड (चुकीचा प्रकार सांगणारे ठरलेले कोड) त्यासाठीच आहेत, आणि सोपमध्ये ऑपरेशनखाली फॉल्ट, म्हणजे टाईप दिलेला एरर जाहीर करता येतो, खरेदीदाराने केलाय का बघ.

आता कोड बंद कर आणि फाईल परत लिही, पण त्याआधी एक सकाळ काट्यावर बसून ये. काटेवाल्याला विचार, गाडी भरकाटा करून गेली आणि माल उतरलाच नाही तर ती पट्टी कोण रद्द करतं. आणि मुख्य म्हणजे वांध्याचं विचार. खळ्यावर ट्रॉली अर्धी रिकामी झाल्यावर खालचा माल वेगळा निघाला म्हणून व्यापाऱ्याने वांधा काढला, भाव खाली आला, तर लिलावात पुकारलेला भाव आणि हिशोबाचा भाव हे दोन वेगळे भाव झाले, आणि तुझ्या फाईलमध्ये भाव नावाची एकच फील्ड आहे. दुसरा भाव कोण ठरवतं, तो कोणत्या मेसेजमध्ये येतो, शेतकऱ्याला पटलं नाही तर काय, हे सगळं लिहून आण आणि मग नवीन ड्राफ्ट पाठव.